पोर फडावर, नाव गावात

दसरा उलटला की हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव-कळमनुरीकडच्या वाड्यातांड्यांतून माणसे हलू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीस निघतात आणि कडेवरचे पोरही फडावर जाते. मुकादमाच्या वहीत कोयत्यांची गणती असते. पोरांची गणती कोण करतो? आमचा आजचा प्रश्न या न मोजलेल्या पोरांचा आहे.

हिशेब साधा आहे. लसीच्या पाळ्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास येतात. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर. गणपतीत जन्मलेल्या पोराची सहाव्या आठवड्याची पाळी दसऱ्यामागोमाग येते, पुढच्या दोन कार्तिक-मार्गशीर्षात. पाडव्यास जन्मलेल्याचे नऊ महिने पौषात भरतात. म्हणजे सुई टोचावयाच्या वेळी पोर कोपीत आणि त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत! गावची आशाताई कुलूप पाहून परतते. फडाजवळच्या गावच्या यादीत हे पोर नसतेच. दोन्हीकडचे कागद बरोबर, पोर मात्र गोवराच्या तोंडी.

सरकारास हे ठाऊक नाही असे नाही. २५ डिसेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'मिशन इंद्रधनुष' सुरू केले, तेव्हा निवडलेल्या २०१ जिल्ह्यांत हिंगोली होता. देशातील लस न मिळालेल्या वा अर्धवट मिळालेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्मी याच जिल्ह्यांत होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, क्षय, गोवर व कावीळ यांवरची लस सरकार फुकट देते. पण दवाखान्यापर्यंतचा दिवस फुकट नसतो. एक खाडा पडला की मजुरी बुडते. अशा आईस 'अडाणी' म्हणणारांनी एक दिवस कोयता धरून पाहावा!

आमचे मागणे मोठे नाही. मुकादमाने टोळीची यादी देताना पोरांची नावे व वये लिहावीत. कारखान्याने ती यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी. आणि महिन्यातून एकदा, मजूर कोपीवर परतल्यावर, तेथेच लस टोचावी. उसाचे वजन किलोपर्यंत मोजणाऱ्या कारखान्यास शे-दोनशे पोरांची नावे लिहिणे जड जाऊ नये.

आता दोन शब्द आमच्याच बंधुभगिनींस. लसीने ताप आला म्हणून पुढच्या पाळीस पोर लपवू नका. तो ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो; घटसर्प पोर घेऊन जातो. लसीचे कार्ड उचलीच्या कागदाइतकेच जपा, बिऱ्हाडाबरोबर न्या. पाळी चुकली तर राहिलेली लस कोठे मिळेल ते त्या गावच्या आशाताईस विचारा. पोर परगावचे म्हणून कोणी परतवू लागला तर ऐकू नका. लस गावाची नव्हे, पोराची आहे.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात नेले आणि त्याच प्लेगाने १० मार्च रोजी त्या गेल्या. आज कोणी प्राण द्यावा असे आम्ही म्हणत नाही. लसीचा थंड डबा घेऊन फडापर्यंत चालत यावे, एवढेच म्हणतो.