समुद्र सर्वांचा, ट्रिटियम कोणाचे?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची शक्ती माणसाच्या ताब्यात येईल आणि मग जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल, कारण तिचे इंधन सागरातील जड हायड्रोजनाइतके विपुल असेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. मुदतीचा अंदाज चुकला म्हणून शास्त्रज्ञाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु इंधन समुद्रात आहे आणि समुद्र सर्वांचा आहे, हा त्या भाकिताचा उत्तरार्ध आज संमीलनाच्या धंद्यात उतरलेल्या भांडवलाचे प्रचारवाक्य झाला आहे. त्याची कसून तपासणी व्हावयास हवी.

या क्षेत्रात प्रगती झाली आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसर किरणांनी इंधनाच्या गोळीला २.०५ मेगाजूल ऊर्जा दिली आणि संमीलनातून ३.१५ मेगाजूल बाहेर पडली. अर्थात ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल वीज खर्ची पडली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ‘जेट’ या यंत्रात केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधनापासून ६९ मेगाजूल, म्हणजे सुमारे दोन किलो दगडी कोळशाइतकी उष्णता मिळाली. ही दोन्ही कामे सरकारी पैशावर उभी राहिली. त्यांच्या पाठोपाठ खाजगी भांडवल धावले. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि २०२५ मध्ये गूगलने अजून उभ्याही न राहिलेल्या संमीलन केंद्रांची वीज करार करून राखून ठेवली. वीज जन्मायची आहे, पण तिचा पहिला वाटा संगणकांच्या कोठारांच्या नावे लिहून झाला आहे!

आता इंधनाकडे वळावे. आज ज्या संमीलनाच्या यशाची सर्वांत अधिक शक्यता आहे, त्याला दोन इंधने लागतात: ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. दोन्ही हायड्रोजनाचीच भावंडे. पैकी ड्यूटेरियम खरोखर समुद्रात आहे. एक घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. ट्रिटियमची गोष्ट वेगळी. ते किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे आहे, म्हणजे साठवून ठेवले तरी दरसाल साडेपाच टक्के आपोआप नष्ट होते. त्यामुळे निसर्गात त्याचा उपयोगी साठा नाहीच. नागरी वापरासाठी जगात असलेले ट्रिटियम सुमारे २५ ते ३० किलो भरेल. त्यातील बहुतांश कॅनडातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून निघाले आहे आणि त्याची किंमत ग्रॅमला ३० हजार डॉलरच्या आसपास सांगितली जाते. एक हजार मेगावॅटचे संमीलन केंद्र वर्षभर चालवायचे तर शंभर किलोंहून अधिक ट्रिटियम लागेल. ज्या जुन्या भट्ट्यांतून ते मिळते, त्यातील एक भट्टी वर्षाकाठी शेदीडशे ग्रॅम देते.

यावर शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, संमीलन केंद्र आपले ट्रिटियम आपणच पिकवील. भट्टीभोवती लिथियमचे आच्छादन घालायचे, संमीलनातून सुटणारे न्यूट्रॉन त्यावर आदळले की ट्रिटियम तयार होते. तत्त्व निर्दोष आहे. पण जळलेल्या प्रत्येक अणूमागे एकाहून थोडे अधिक अणू परत मिळाले तरच हा हिशेब जुळतो, आणि वीज केंद्राच्या प्रमाणावर हे अद्याप कोठेही करून दाखविलेले नाही. शिवाय त्यासाठी प्रामुख्याने लिथियम-६ हे समस्थानिक लागते. नैसर्गिक लिथियमात ते जेमतेम साडेसात टक्के असते. ते वेगळे काढण्याची मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली पद्धत पाऱ्याची. अमेरिकेने हायड्रोजन बाँबसाठी १९५० च्या दशकात ओक रिज येथे ती राबविली आणि शेकडो टन पारा तेथील माती-पाण्यात गेला. ते निस्तरण्याचे काम आजही चालू आहे. न्यूट्रॉनांची संख्या वाढविण्यासाठी सुचविलेला बेरिलियम हा धातू दुर्मिळ, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

धरणात पाणी कितीही असो, पाटाचे दार ज्याच्या हाती त्याच्याच उसाला ते मिळते, हे महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. संमीलनातही समुद्र सर्वांचा राहील. पण ट्रिटियमचा पहिला साठा, लिथियम-६ वेगळे काढण्याचे कारखाने आणि आच्छादनाचे तंत्र ज्यांच्या ताब्यात असेल, ते साऱ्या जगाकडून खंड वसूल करतील. इंधन स्वस्त म्हणजे वीज स्वस्त, हे समीकरणही फसवे आहे. वारा आणि ऊन तर फुकटच आहेत. इंधनाचा खर्च जितका नगण्य, तितका विजेचा दर यंत्रांत गुंतलेल्या भांडवलावर आणि त्याच्या व्याजावर ठरणार. म्हणून मालकीचा प्रश्न येथे गौण नसून मूलभूत आहे.

उपउत्पादनांचा विचारही याच कसोटीवर व्हावा. संमीलनाची राख म्हणजे हेलियम; तो निरुपद्रवी वायू आहे. येथे साखळी प्रक्रिया नसल्याने चेर्नोबिलसारखा भडका उडत नाही, आणि हजारो वर्षे जपावे लागणारे भंजनाचे जळके इंधनही मागे राहत नाही. हे श्रेय या तंत्राला मोकळेपणाने दिले पाहिजे. परंतु ऊर्जेचा ऐंशी टक्के वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो आणि तो भट्टीच्या पोलादी भिंतींना किरणोत्सारी करतो. त्या भिंती काही वर्षांनी बदलाव्या लागतील. खास पोलाद वापरले तरी काढलेला माल शंभरेक वर्षे सांभाळावा लागेल, आणि तो थोडाथोडका नसेल. शंभर वर्षे हा काळ भूगर्भशास्त्रात क्षणाचा असेल, पण तितकी वर्षे जगणाऱ्या कंपन्या किती?

ट्रिटियम तापलेल्या धातूतूनही झिरपते आणि प्राणवायूशी संयोग पावून पाणीच बनते. असे पाणी साध्या पाण्यापासून गाळून वेगळे करता येत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातील कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासांहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले. उपउत्पादन प्रथम कोणाच्या पोटात जाते, याचा हा धडा आहे. त्यातच ट्रिटियम अण्वस्त्रांतही वापरले जाते, त्यामुळे त्याच्या ग्रॅमाग्रॅमचा हिशेब सार्वजनिक देखरेखीखाली असणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने मात्र एप्रिल २०२३ मध्ये संमीलन यंत्रांना अणुभट्ट्यांचे नियम न लावता कणत्वरकांसारख्या यंत्रांचे तुलनेने सौम्य नियम लावण्याचे ठरविले. अपघाताचा धोका कमी, हे त्याचे समर्थन रास्त आहे. पण कचरा आणि ट्रिटियम यांची जबाबदारी सौम्य करण्यास ते पुरेसे नाही.

भारताचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. फ्रान्समधील ‘ईटर’ या सात भागीदारांच्या प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला. खर्चाचा सुमारे नऊ टक्के भार तो उचलतो. त्या यंत्राचे ३,८५० टनांचे शीतकवच हजिरा येथे भारतीय कामगारांनी घडविले, आणि गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ यंत्र १९८९ पासून काम करू लागले. याहून महत्त्वाचे असे की, भारताच्या बहुसंख्य अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत. म्हणजे जगाला हवे असलेले ट्रिटियम त्यांच्या पोटात तयार होते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीतही ते होते, आणि त्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. जे ट्रिटियम उद्या सोन्याहून कितीतरी मोलाचे ठरेल, त्याची किंमत या लोकांनी आपल्या घरादाराने आधीच मोजली आहे. अशा वेळी, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने ‘शांती’ कायदा करून अणुवीजनिर्मितीचे दार खाजगी कंपन्यांना उघडले.

समाजवाद विज्ञानाचा वैरी नाही. कोळशाच्या धुरातून मुक्त होण्याचा मार्ग संमीलनातून निघणार असेल तर त्याचे स्वागतच आहे. मात्र तीन गोष्टी आजच, वीज येण्यापूर्वीच, ठरल्या पाहिजेत. देशातील ट्रिटियम व लिथियम-६ ही राष्ट्राची मालमत्ता राहावी आणि तिचा हिशेब संसदेपुढे यावा. ‘ईटर’मधून मिळणारे ज्ञान सार्वजनिक संस्थांत राहावे, त्याची पेटंटे करून तेच ज्ञान जनतेला परत विकले जाऊ नये. आणि किरणोत्सारी भिंतींच्या शंभर वर्षांच्या सांभाळाचा खर्च उत्पादकाने पहिल्या दिवसापासून निधीत भरावा. नफा खाजगी आणि राख सार्वजनिक, ही विभागणी भोपाळने देशाला एकदा दाखविली आहे. समुद्राच्या नावाने ती पुन्हा होऊ देता कामा नये.