पाऊस बदलला, दुकान कधी बदलणार?

"हवामान बदल हा मोठ्या कंपन्यांचा विषय, आपलं काय छोटं दुकान!" असं माझ्या बॅचमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच. मला हे पटत नाही. चिपळूण बघा. जुलै 2005 मध्ये बाजारपेठेत पाणी, जुलै 2021 मध्ये पुन्हा. मोठ्या कंपनीचं एक गोदाम बुडालं तरी दुसरं असतं. आपलं सगळं भांडवल एकाच गाळ्यात!

मीही सुरुवातीची दोन वर्षं विम्याचा हप्ता 'वाचवला'. मग एका रात्री गुडघाभर पाणी आलं आणि त्या हप्त्याच्या कितीतरी पट माल भिजला.

म्हणून सांगतो, हवामानाचा खर्च भाड्यासारखाच हिशोबात धरा. महाग माल वरच्या फळीवर, इन्व्हर्टर उंचावर, उधारीच्या वहीचा ऑनलाइन बॅकअप. ऐन जुलैत गोदाम भरू नका. सूट कमी मिळाली तरी चालेल. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे, त्यात पूरही येतो. चौकशी करा.

आज शटर ओढण्याआधी एवढंच करा: कंबरेइतकं पाणी आलं तर काय काय भिजेल, त्याची यादी लिहा.