सुटल्यावरचे पान

इचलकरंजीतला सतरा वर्षांचा पोरगा मारामारीत सापडला, तर त्याचे प्रकरण कोल्हापूरच्या बाल न्याय मंडळापुढे जाते. जामीन झाला नाही, तर मुक्काम निरीक्षणगृहात. लोक अजूनही त्याला 'रिमांड होम'च म्हणतात. ही गृहे नीट चालतात की नाही, हे पाहण्याची सोय 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. कलम 54 नुसार तपासणी समित्या आहेत, कलम 55 नुसार सरकारला स्वतंत्र मूल्यमापनही करता येते. जिल्हा समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. स्वच्छतागृहे, जेवण, नोंदवह्या, रिकामी पदे हे सगळे पाहायचे. मुलांना मारहाण होते का, हे तर सर्वांत आधी. पण ही झाली गृहाची तपासणी. मुलाचे पुढे काय झाले?

इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) आणि मीटरवर ठरते. नुसते मागाजवळ उभे राहण्याचे पैसे मिळत नाहीत. निरीक्षणगृहांना मात्र मुलांच्या निर्वाहाचे अनुदान दरडोई मिळते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे हाच कायदा सांगतो. पण हे पाळून मुलाला लवकर घरी पोचवणाऱ्या गृहाचा पट घटतो आणि पैसाही. असल्या हिशेबात चांगले काम कोणाच्या नजरेत भरणार?

खरे तर असे चांगले काम मोजायची पट्टी तयार आहे. 2016 च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्याचा नमुना आहे. त्याचा शेवटचा भाग सुटकेनंतरचा: परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाला भेटून त्याची शाळा, काम, घर यांची नोंद करायची. 'पुन्हा पकडला गेला का' एवढेच मोजणे सोपे, पण फसवे; गल्लीत चोरी झाली की पोलीस आधी ओळखीच्याच पोराच्या दारात जातात.

2024 मध्ये पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर महाराष्ट्रभर संताप उसळला. त्यातला थोडासा या नोंदींच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते! जिल्हा समितीने पुढच्या भेटीत गेल्या वर्षभरात सुटलेल्या मुलांचे आराखडे मागवावेत, शेवटची पाने किती कोरी आहेत ते मोजावे आणि मुलांची नावे न देता तो आकडा जाहीर करावा.