लांब केसांचा मुलगा काउंटरवर चालेल का?



माणसं कामावर कशी ठेवायची, या व्हिडिओनंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "दादा, मुलगा चांगला वाटतो, पण केस खांद्यापर्यंत आहेत. ठेवू का?" व्हिडिओत मी यावर दोनच वाक्यं बोललो होतो. आज नीट बोलूया, कारण याच प्रश्नावर मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय.

मालवण बाजारात माझं दुकान आहे. मालवणी मसाला, कोकम आगळ, काजू, खाजा. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सीझनआधी मला काउंटरला माणूस हवा होता. एक मुलगा आला. बोलायला गोड, हिशेबाला पक्का. केस पाठीपर्यंत, पण विंचरून नीट बांधलेले. मी म्हटलं, "उद्यापासून ये. फक्त केस कापून ये."

तो म्हणाला, "दादा, बाकी सगळा करतंय, पण केस कापूक सांगू नकात. मी दशावतारात स्त्रीपार्ट करतंय."

मी म्हटलं, "मग टोप लाव की."

"लावतत काय जण. माका माझेच केस होये."

मी नाही म्हटलं. कारण काय दिलं? "गिऱ्हाईकांना आवडणार नाही." खरं सांगू का, मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं. आवडले नव्हते ते मला. बारीक केस म्हणजे शिस्त, हे बीबीए करताना कुठेतरी डोक्यात बसलं होतं, तेच बोललो आणि गिऱ्हाइकाचं नाव पुढे केलं.

त्याच्याऐवजी बारीक केसांचा मुलगा ठेवला. माणूस समोर उभा असताना हा मोबाईल बघायचा. ऐन दिवाळीत न सांगता गेला.

मग तुळशीचं लग्न झालं आणि जत्रा सुरू झाल्या. एका जत्रेत नाटक बघायला बसलो, तर समोर तोच मुलगा राणीच्या वेशात! आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दशावतारात पाठ करायला लिहिलेलं नाटक नसतं. आख्यान ठरतं आणि संवाद कलाकार तिथल्या तिथे रचतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्या रात्री पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि त्यावरून पुढचं वाक्य बोलायचं, हेच मी तुम्हाला सेल्सच्या क्लासमध्ये फी घेऊन शिकवतो. तो हे सगळं शिकून माझ्या दारात आला होता आणि मी त्याचे केस बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. तो दुसऱ्या दुकानात लागला होता. बोलला चांगलं, रागावला नव्हता. पण परत काही आला नाही.

आता मुद्द्यावर येतो. मालकाला नियम करायचा हक्क आहेच. माझ्या दुकानात टी-शर्ट ठरलेला आहे, चपला चालत नाहीत. आपल्या राज्य सरकारनेसुद्धा डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नको, शुक्रवारी खादी घाला, असं सांगितलं होतं. त्यावर वाद झाला, तो वेगळा विषय. पण एक फरक बघा. शर्ट संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर उतरवता येतो. केस उतरवता येत नाहीत, ते माणसाबरोबर घरी जातात. तुम्ही पगार देता आठ-नऊ तासांचा आणि केस कापायला लावून त्याच्या रात्रीवरही ताबा सांगता. माझ्या नियमाने त्या मुलाची दुकानाबाहेरची कला आणि कमाई मागितली होती. मी मात्र समजत होतो की मी फक्त टापटीप मागतोय.

"पण दादा, खाण्याचा धंदा आहे, स्वच्छता नको का?" हवीच! त्यासाठी सरकारचाच नियम वाचा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत अनुसूची ४ आहे. अन्न हाताळणाऱ्याने डोकं झाकावं, नखं कापावी, हात धुवावेत, असं त्यात आहे. म्हणजे काळजी केस अन्नात पडण्याची आहे. ती पुरुषालाही लागू आणि बाईलाही. आमच्याकडे मसाला पॅक करणाऱ्या ताईंची वेणी कमरेपर्यंत आहे. तिला मी कधी "कापून ये" म्हटलं नाही, टोपी दिली. मग मुलालाही टोपीच द्यायला हवी होती ना?

गंमत ऐका. माझ्या दुकानात मसाल्याच्या पाकिटात केस सापडल्याची तक्रार एकदाच आली. केस बोटाच्या पेरापेक्षा लहान होता. पॅकिंग करताना टोपी न घालणारा एकच माणूस दुकानात होता, तो म्हणजे मी!

चक्कीवर, बोटीच्या इंजिनजवळ तर केस घट्ट बांधूनच काम करायचं, तिथे सूट नाही. पट्ट्यात केस अडकला तर जीवावर बेततं. तिथे तो नियम कडक ठेवा आणि कारण सांगून ठेवा.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाच्या आवडीचा. १९७० च्या दशकात सिंगापूरमध्ये सरकारी कार्यालयांत फलक लावले होते, लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यात शेवटी होईल म्हणून. आपण दुकानदार असं करू का? तारकर्लीला स्कूबा करायला येणारा पोनीटेलवाला पर्यटक आपल्या दुकानात शिरला की आपण "या सर, बसा सर" म्हणतो. काउंटरच्या त्या बाजूला चालणारे केस या बाजूला का चालू नयेत? एखादं जुनं गिऱ्हाईक नाक मुरडेल, मान्य. पण चार वेळा नीट बोलून माल दिला की तेच गिऱ्हाईक त्या मुलाला नावाने हाक मारतं.

म्हणून नियम लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा नियम नेमक्या कोणत्या कामासाठी आहे? तो बाई आणि पुरुष दोघांना सारखा लागू आहे का? आणि मुलाच्या डोळ्यांत बघून त्याचं कारण मला सांगता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला अडखळलात, तर तो नियम दुकानाचा नाही, तुमच्या आवडीचा आहे.

माझ्या दुकानात आता कागदावर इतकंच आहे: केस स्वच्छ, बांधलेले, पॅकिंगला टोपी सगळ्यांना. कामावर घेण्याआधीच तो कागद वाचायला देतो. आणि लांब केसवाल्या मित्रांनो, तुम्हालाही सांगतो. केस ठेवलेत तर निगा राखा. तेलकट, सुटे केस घेऊन मुलाखतीला गेलात तर त्या मालकाला मी दोष देणार नाही.

तो मुलगा अजून जत्रेत दिसतो. नाटक बघताना दर वेळी मनात हिशेब येतो, हा माझ्या काउंटरवर असता तर! तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहिलं. तुमच्या दुकानात असा एखादा नियम असेल, तर तो कशासाठी केला ते खाली लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.