भोपळ्याची बीअर आणि कोहळ्याचा भाव

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या ओट्यावर आम्हा मैत्रिणींत मोठा वाद झाला. अमेरिकेत भोपळ्याची बीअर करतात, असे एकीने वाचले होते. “मग आपल्या वऱ्हाडातल्या कोहळ्याची का करू नये? शेतकऱ्याला भाव तरी मिळेल,” असे तिचे म्हणणे. मला ते पटले नाही. का, ते येथे मांडते.

आधी वस्तुस्थिती पाहू. वसाहतीच्या काळात अमेरिकेत जवाचे माल्ट सहज मिळत नसे. माल्ट म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून वाळवलेले. आपण नाचणीचे सत्त्व करताना मोड आणतो तसेच. माल्ट नाही म्हणून तेथील लोकांनी शेतातला भोपळा आंबवला. पुढे माल्ट मुबलक झाले आणि भोपळा मागे पडला. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बिल ओवेन्स यांनी ती बीअर पुन्हा केली. पण भोपळ्याची चव तीत जवळजवळ उतरतच नाही. कशी उतरणार? भोपळ्यात बहुतांश पाणीच. थोडी साखर असते, तिचे यीस्ट अल्कोहोल करून टाकते. शेवटी चव येते ती दालचिनी, लवंग, जायफळ यांची. म्हणूनच कोणी डबाबंद गर घालतो, कोणी दुसऱ्या जातीचा भोपळा, कोणी रताळे, तर कोणी नुसताच मसाला!

हे सारे मी घरी आईला सांगितले. आई आठवडी बाजारात भाजी विकते. शाळेची पायरी ती चढलेली नाही. ती म्हणाली, “म्हंजे कोहळं नावालेच हाये! मंग कोहळंवाल्याले पैसे कोन देईन?”

मित्रमैत्रिणींनो, माझा सारा लेख या एका वाक्यात आहे. ज्या मालाला दहा पर्याय आहेत, त्याला भाव कोण बांधून देणार? जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही द्राक्ष उत्पादकांचेच हित पुढे केले होते. शेतकऱ्याचे नाव घेतले की प्रश्न विचारणे थांबते, हे बरे नव्हे.

येथे एक गोष्ट लपवत नाही. आमच्या घरी मजुरीचे पैसे आधी गुत्त्यावर जात आणि उरले तर चुलीपर्यंत येत. त्यामुळे माझे मत एकांगी असेल, असे कोणी म्हणू शकेल. आंबवण्याच्या विद्येला मी वाईट म्हणत नाही. इडलीही आंबवूनच होते. परंतु दारूचा हिशेब मांडताना गुत्त्यावरचा खर्चही त्याच वहीत लिहिला पाहिजे, एवढेच माझे मागणे.

मग कोहळ्याचे करावे काय? आपल्या शेगावात श्रीगजानन महाराजांच्या दर्शनाला रोज हजारो भाविक येतात. गूळ-कणीक घालून तळलेली कोहळ्याची बोंडे त्यांच्या हातात का पडू नयेत? येत्या स्नेहसंमेलनात आपणच एक दुकान लावून पाहू. बीअर कोहळ्यावाचून होते. बोंड मात्र कोहळ्यावाचून होत नाही. भाव मिळायचा असेल तर तो तिथेच मिळेल.