हस्तांतरणाच्या शेऱ्यानंतर

ग्रामीण नळयोजनेच्या फाइलवर एक दिवस शेरा पडतो : काम पूर्ण, योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित. मोजमाप पुस्तिका मिटते, टाकीच्या खांबावर उद्घाटनाचा फलक बसतो आणि अभियंते पुढच्या गावाच्या अंदाजपत्रकाला लागतात. त्या क्षणापासून विहीर, मोटार, टाकी, जलवाहिनी, विजेचे बिल, क्लोरीन आणि गावकऱ्यांची ओरड हे सगळे सरपंच, ग्रामसेवक आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारा एक पाणीपुरवठा कर्मचारी यांच्या वाट्याला येते.

या शेऱ्याने सरकारी यंत्रणेचे कर्तव्य पुरे झाले, ही समजूत राज्यभर रूढ आहे. भंडारा जिल्ह्यात ती विशेष महाग पडते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती आणि त्यातले सुमारे ऐंशी टक्के लोक खेड्यांत राहत होते. पाणीपुरवठ्याचा प्रश्न इथे मुख्यतः खेड्यांचाच आहे. जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा या संस्थांकडे ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत, अभियंते आहेत. गावाकडे यातले काहीच नाही. तरीही योजना चालवण्याचा सगळा भार गावावर, आणि ती बंद पडली की दोषही गावाचाच! ही वाटणी अन्यायाची आहे. पाण्याचा स्रोत, पाण्याची शुद्धता आणि मोठी दुरुस्ती या तीन गोष्टी हस्तांतरणानंतरही पाणीपुरवठा यंत्रणेच्याच अंगावर राहिल्या पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तलावांच्या जिल्ह्यात पाण्याची ओरड कशाला? वर्षाला सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, मधून वाहणारी वैनगंगा, पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण, तुमसरच्या बाजूला बावनथडी प्रकल्प, शिवाय गावोगावचे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी. चित्र खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. पाऊस चार महिन्यांत पडून जातो. जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमिनीखाली कठीण स्फटिकमय खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जेवढे मावेल तेवढेच. तलाव बांधले गेले ते धानासाठी. त्यांच्यामुळे भोवतालच्या विहिरी जगतात हे खरे, पण तलावातले पाणी म्हणजे नळातले पाणी नव्हे.

त्यात उन्हाळी धानाची भर पडली आहे. एप्रिल-मे महिन्यांत एकीकडे धानाच्या बांध्या हिरव्यागार असतात आणि दुसरीकडे नळयोजनेच्या विहिरीची पातळी खाली जात असते. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. पण अंतर मोजायला कोणी जायचे? योजना गावाची म्हटल्यावर ते सरपंचाचे काम ठरते. ज्याच्या शेतात बोअर पडला तो सरपंचाचा चुलतभाऊ असतो, नाहीतर पुढच्या निवडणुकीतला मतदार. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. धानाशिवाय त्याच्या हाती दुसरे पीक फारसे नाही. मात्र हा निवाडा गावाबाहेरच्या, भूजल जाणणाऱ्या आणि अधिकार असलेल्या माणसाने करायचा असतो. तो गावावर सोपवणे म्हणजे कायदा कागदावर ठेवण्याचीच सोय आहे.

रेतीचेही तेच. वैनगंगेच्या आणि बावनथडीच्या रेतीला नागपूरच्या बांधकामांत मोठी मागणी आहे. नदीकाठच्या योजनांच्या विहिरींना पात्रातली रेतीच पाणी गाळून देते आणि उन्हाळ्यात धरूनही ठेवते. ती रात्रीतून ट्रकांनी गेली तर विहिरीचे काय होणार, हे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला गावापेक्षा चांगले कळते. मग तक्रारदार म्हणून आधी त्यानेच उभे राहायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक जोरात मांडला जातो : लोक पाणीपट्टी भरत नाहीत, म्हणून योजना बंद पडतात. थकबाकी असते, हे मान्यच केले पाहिजे. पण तिच्यामागचा हिशेब मांडून पाहिला तर वेगळेच दिसते. तीनशे घरांचे, दीड हजार वस्तीचे एखादे गाव धरू. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर पाणी. विहिरीच्या तळापासून टाकीच्या माथ्यापर्यंत एकूण ६० मीटरची चढण धरली आणि निम्मी वीज मोटारीत व पाइपात वाया जाते असे मानले, तरी रोज साधारण २७ युनिट लागतात. महिन्याला आठशेच्या आसपास, म्हणजे घरटी तीन युनिटही नाहीत. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर रोज चारशे ग्रॅमच्या थोडी वर, महिन्याला बारा-साडेबारा किलो. कर्मचाऱ्याचे मानधन यात मिळवले तरी हा रोजचा खर्च तीनशे घरांना पेलणारा आहे. त्याच गावात लग्नाला आणि तेरवीला पैसे मोजून पाण्याचे कॅन येतात. लोक पाण्याला पैसे देत नाहीत, हे म्हणणे तिथेच गळून पडते.

गाव मोडते ते एकदम अंगावर आलेल्या खर्चाने. मोटार जळते. नाल्यावरची जलवाहिनी पुरात वाहून जाते. विहीर आटते आणि नवा स्रोत शोधावा लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि जिल्ह्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी महिन्याच्या पाणीपट्टीतून साठवलेली रक्कम किती पुरणार? दुरुस्ती लांबते, नळ कोरडे राहतात, लोक पट्टी देणे थांबवतात. पट्टी थांबली म्हणून वीजबिल थकते आणि शेवटी जोडणी तुटते. दफ्तरात कारण म्हणून फक्त थकबाकी नोंदवली जाते. आधीची जळालेली मोटार त्या नोंदीत नसते.

नळ चालू असला तरी सगळ्यांना सारखे पाणी मिळते असेही नाही. सकाळी कर्मचारी चावी फिरवतो. पहिल्या गल्लीत गुंड भरू लागतात, दोन-चार घरांतले टुल्लू पंप थेट वाहिनीला लागतात आणि टोकाच्या वस्तीवर नळ नुसता फुसफुसतो. तिथली बाई हातपंपाकडे वळते. टुल्लू पंप जप्त करणे आणि चाव्यांच्या वेळा ठरवणे ही कामे गावाचीच आहेत. ती गावच करू शकते आणि त्याने ती कठोरपणे केली पाहिजेत. गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात ही अट त्यासाठीच महत्त्वाची आहे. शेवटच्या नळाला किती वेळ पाणी आले, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते.

शुद्धतेच्या प्रश्नात मात्र हस्तांतरणाची कल्पना पूर्णच कोसळते.

नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी महानगराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि तिथे गोसीखुर्दचे पाणी तुंबलेले असते. वाहती असताना जी नदी बरीच घाण पुढे नेत होती, तिचे आता संथ जलाशयात रूपांतर झाले आहे. जलपर्णी पसरते, पाण्याला वास येतो. या पाण्याच्या काठावरच्या ग्रामपंचायतीने काय करावे? तिची पाणीपुरवठा समिती नागपूर महापालिकेला नोटीस काढू शकत नाही. पावडरचे पोते वाढवून महानगराचे सांडपाणी निर्मळ होत नाही. इथे नमुने कुठे आणि किती वेळा घ्यायचे, शुद्धीकरण कोणत्या पद्धतीने करायचे, प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे बाजू कोणी मांडायची, ही सगळी कामे जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या यंत्रणेची आहेत. धरणासाठी ज्यांनी गाव सोडले त्या पुनर्वसित वसाहतींना अठरा नागरी सुविधांमध्ये पाणीपुरवठ्याचे वचन दिलेले आहे. घर-शेत पाण्याखाली देऊन आलेल्या माणसाला नळाच्या पाण्याची हमी मागावी लागू नये.

डोळ्यांना दिसणारी घाण निदान ओरडायला लावते. फ्लोराइड तेही करत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांच्या यादीत भंडारा आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेण्याची मुभा. त्यावरचे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड; मुलांच्या दातांवर तपकिरी डाग उमटतात तेव्हा वर्षे निघून गेलेली असतात. क्लोरीनची परीक्षा गावात होते : छोट्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर नाही. गावातला जलसुरक्षक ती करतो. पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला धोक्याच्या पातळीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना चाचणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे ठरवले, तेही उत्तम. पण अहवालात फ्लोराइड जास्त निघाले, पुढे काय? पर्यायी विहीर गाव स्वतः शोधणार आहे काय? चाचणी गावाकडे आणि उपायाला वाली नाही, अशी आजची रीत आहे. अहवालाखाली सही करणाऱ्या कार्यालयावरच ठरावीक मुदतीत सुरक्षित पाणी देण्याचे बंधन हवे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय अकराव्या अनुसूचीत घातला. महाराष्ट्राने २००० साली मागणीआधारित, लोकसहभागाचे धोरण स्वीकारले. अशा वेळी यंत्रणेला परत बोलावणे म्हणजे विकेंद्रीकरणाची चाके उलटी फिरवणे, असे काही जाणकार म्हणतात. त्यांची भीती निराधार नाही. दूरच्या कार्यालयातून चाललेल्या प्रादेशिक योजनांत गावाला कोणी विचारत नसे, हा अनुभव जुना आहे. पण घटनेने गावाला अधिकार दिला, एकटे पाडण्याची परवानगी दिली नाही. गुजरातने २००२ मध्ये वास्मो ही संस्था काढली. तिथे मोठ्या वाहिनीतले पाणी गावाच्या वेशीपर्यंत आणण्याचे काम राज्याच्या यंत्रणा करतात, गावातले वाटप पाणी समिती पाहते, आणि समितीच्या पाठीशी संस्थेची माणसे असतात. ब्राझीलच्या सिआरा प्रांतात १९९६ पासून सिसार नावाचे संघ आहेत. अनेक गावांच्या पाणी संघटना एकत्र येऊन अभियंते आणि दुरुस्तीची पथके सामाईक ठेवतात. रोजची देखभाल गावातला माणूस करतो, मोठा बिघाड पथक काढते. दोन्हीकडे लोकसहभाग कमी झाला नाही; त्याला टेकू मिळाला.

भंडाऱ्याच्या स्वतःच्या इतिहासातही याचा धडा आहे. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून या मुलखात तलाव बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पाळ, सांडवा, पाणीवाटप सांभाळले. त्या व्यवस्थेत मालगुजाराची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाची, सत्ता आणि जातीची उतरंड होती. तिचे गुणगान करण्याचे कारण नाही. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, पुढे जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. मालकी बदलली, पण दरवर्षी गाळ कोणी काढायचा आणि पाळ कोणी बुजवायची याचे उत्तर कोणत्याही आदेशाने नीट दिले नाही. तलाव गाळाने भरत गेले. तेव्हा सरकारने गावाकडून घेतले, आता सरकार गावाला देते. दिशा उलटी असली तरी दोन्ही वेळी देखभाल करणारा हातच व्यवहारातून सुटला. याच्या उलटचे उदाहरण १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव भागातले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तिथल्या ढिवर मच्छीमारांबरोबर तलावांतली बेशरम ही उपद्रवी वनस्पती काढली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. अभ्यासकांनी काम पुरे झाल्याची पावती फाडून काढता पाय घेतला असता, तर हे झाले नसते.

म्हणून वाटणी अशी हवी. स्रोतापासून टाकीपर्यंत जबाबदारी यंत्रणेची, टाकीपासून नळापर्यंत गावाची. दर तालुक्याला, म्हणजे सातही ठिकाणी, एक देखभाल पथक हवे : पंप उचलण्याचे साधन, राखीव मोटारी, नळ जोडणारा, वायरमन आणि बिघाड कळवल्यापासून किती तासांत दुरुस्ती होईल याचे लेखी वचन. वचन मोडले तर ती गोष्ट ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेच्या सभेत मांडली जावी. गावाने दर महिन्याला पाणीपट्टीचा जमाखर्च फलकावर लावावा आणि पथकाच्या निधीत आपला वाटा नियमित भरावा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ३० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि जलसंधारण यांसाठी बांधून दिला होता. अशा बांधीव निधीतला ठरावीक हिस्सा गावागावांतून एकत्र केला, तर एका गावाला न पेलणारी मोटार पन्नास गावांना सहज पेलते. जल जीवन मिशनची मुदत २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी राज्यभर ठेकेदारांची देयके थकली आणि कामे रखडली. उरलेला निधी केवळ नव्या टाक्यांवर न घालता त्यातला भाग या पथकांच्या उभारणीसाठी मागण्याची हीच वेळ आहे. माणसेही शोधायला दूर जायला नको. याच मिशनखाली गावातल्या तरुणांना नल जल मित्र म्हणून नळजोडणी आणि मोटारदुरुस्तीचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्यांना प्रमाणपत्रावर सोडून न देता तालुक्याच्या पथकात पगारी नेमणूक द्यावी, आणि पहिल्या नेमणुका फ्लोराइडबाधित व गोसीखुर्दच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी व्हाव्यात.