विकत घेतलेली साक्ष



गेल्या रमजानपूर्वी आमच्या एका चुलतभावाने घरगुती मसाल्यांची वेबसाइट सुरू केली. वहिनींच्या हातची चव, साइटही देखणी. पण ऑर्डर येईनात. तेवढ्यात एकाचा फोन आला : "पंधरा हजार द्या, हजार बॅकलिंक लावतो, महिन्याभरात गूगलवर पहिला नंबर." वहिनींच्या बचतीतले पैसे गेले. महिन्याने भावाने मोबाइल पुढे केला, "बघा, आपणच पहिले!" आम्ही आमच्या मोबाइलवर शोधले, तर पहिल्या तीन पानांत साइटचा पत्ता नाही.

भावाचा मोबाइल खोटे बोलत नव्हता, पण तो भावाला ओळखत होता. गूगल निकाल दाखवताना माणूस कोणत्या गावात आहे हे पाहते आणि त्याच्या जुन्या शोधांचाही विचार करू शकते. शिवाय भावाने शोधले होते आपल्याच दुकानाचे नाव. ज्याला ते नाव ठाऊक नाही, तो गिऱ्हाईक 'घरगुती मालवणी मसाला' असे काहीतरी लिहिणार. खरी परीक्षा तिथे आहे.

म्हणून नंबर पाहायचा तर खात्यातून बाहेर पडून इन्कॉग्निटो टॅबमध्ये पाहावा. त्यानेही गाव लपत नाही, तेव्हा पुण्यातल्या फुप्पीला, नागपूरच्या मामूंना तेच शब्द शोधायला सांगावे. वर 'प्रायोजित' लिहिलेले निकाल जाहिराती असतात, ते मोजू नयेत. सर्वांत भरवशाचे म्हणजे गूगलचे मोफत सर्च कन्सोल. कोणत्या शब्दांवर साइट किती वेळा दिसली, सरासरी कितव्या क्रमांकावर आणि कितींनी ती उघडली, हे त्यात कळते. एका दिवसाचा नंबर वर-खाली होतो; तीन महिन्यांची सरासरी पाहावी.

आता त्या हजार बॅकलिंकांचे. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्या साइटकडे दाखवलेले बोट. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना याच कल्पनेवर शोधयंत्र उभारले आणि 1998 मध्ये त्यावर निबंध लिहिला. प्रत्येक दुवा ही एक साक्ष. पण ज्याच्याकडे स्वतः चांगल्या साइट्स बोट दाखवतात, त्याच्या साक्षीला वजन जास्त. हे आपल्याला नवे नाही. हदीसची सनद तपासताना रावी विश्वासू आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, हे पाहण्यात विद्वानांनी आयुष्ये वेचली.

भावाला मिळालेल्या दुव्यांची यादी आम्ही पाहिली. जुगाराच्या, परदेशी औषधांच्या, कोणी न वाचणाऱ्या साइट्स! मसाल्याशी त्यांचा काय संबंध? गूगलने 2012 मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणून अशा दुव्यांवर रोख धरला. आज असे दुवे बहुधा मोजलेच जात नाहीत, आणि प्रकरण वाढले तर साइट निकालांतून खाली जाते किंवा गायबही होते. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे तर गूगलच सांगते.

पैसे देऊन जाहिरात करणे गैर नाही. ती जाहिरात आहे हे उघड असते. पैसे देऊन शिफारस लिहून घेणे आणि ती मनापासूनची भासवणे, ही मात्र खोटी साक्ष. हदीसमध्ये खोट्या साक्षीची गणना मोठ्या गुनाहांत आहे. ती कागदावर दिली काय नि इंटरनेटवर दिली काय, फरक कशाला पडावा?

ते पंधरा हजार परत आले नाहीत. मग वहिनींनी साइटवर प्रत्येक मसाल्याची पाककृती लिहिली, कोणता किती दिवस टिकतो तेही लिहिले. एका गिऱ्हाईक बाईंनी आपल्या पाककृतींच्या साइटवर त्याचा दुवा दिला, नंतर महिला बचत गटाच्या पानावर उल्लेख आला. दोनच दुवे, पण न मागता मिळालेले. त्यावरून माणसे येऊ लागली आणि ऑर्डरही. पहिला नंबर अजून दूर आहे.

वाचकांनो, तुमच्या घरात कोणाची साइट असेल तर कोणाला पैसे देण्याआधी एवढे करा : सर्च कन्सोल उघडा, आणि आपल्याकडे बोट दाखवणारे कोण आहेत ते वाचा. त्यांतल्या कितींना तुम्ही घरी चहाला बोलवाल?

अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.